महापालिकेच्या कारभारात आपला शब्द कुठे चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या बैठकीत, गणपतीच्या मांडवात, पाणी गेलं की पार्किंगमध्ये जमणाऱ्या घोळक्यात हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं पुण्यात राहून जमवलेली आहेत, पण मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिकांना कायदा एकच आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. मुंबईचा स्वतःचा १८८८ चा. तेव्हा नाशिक, ठाणे, कोल्हापूर, नागपूरकरांनाही बरंचसं लागू पडेल. फक्त शब्द थोडे बदलतील. सगळ्या नगरसेवकांच्या सभेला पुण्यात ‘मुख्य सभा’ म्हणतात, तुमच्याकडे ‘महासभा’ म्हणत असतील.

सगळं वरच ठरतं. आपण बोलून काय होणार?

यातलं अर्धं खरं आहे. एखाद्या कामाचा प्रवास बघा. कनिष्ठ अभियंता टिपणी लिहितो, ती उपअभियंत्याकडून खातेप्रमुखाकडे जाते, लेखा विभाग ‘तरतूद आहे’ असा शेरा मारतो, मग आयुक्त, मग स्थायी समिती (पैशाचे विषय बघणारी नगरसेवकांची समिती), गरज असेल तर मुख्य सभा. ‘मुख्य सभेत मंजुरी’ अशी बातमी आपण वाचतो तेव्हा कागदावर आठ-दहा सह्या झालेल्या असतात. त्या टप्प्यावर विषय मागे घेणं म्हणजे त्या प्रत्येक सहीवाल्याने ‘चुकलं’ म्हणणं. ते सहसा होत नाही.

आणि आपण जागे कधी होतो? जेसीबी दारात उभा राहिल्यावर.

म्हणून ‘बोलून काय होणार’ यापेक्षा ‘कधी बोललो’ हे बघायला हवं. टिपणी लिहिली जात असताना दिलेलं एका पानाचं पत्र हे काम सुरू झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा जास्त काम करतं. मोर्चाचा फोटो मात्र चांगला येतो.

गावात ग्रामसभा असते. शहरात तसं काही नाही का?

कायद्यात आहे. त्याचं नाव क्षेत्रसभा.

गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा जवळ आल्या की ग्रामसभेची दवंडी पिटली जाते. ती कशी भरते, गणपूर्ती होते का, हा वेगळा विषय. पण सरपंचाला चारचौघांत जाब विचारायची जागा तरी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं, ते ग्रामसभेच्या बळावर. शहरातल्या मतदाराला असा ओटा नाही. हजारो लोकांच्या प्रभागात पाच वर्षांत एकदा बटण दाबायचं आणि घरी जायचं.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे काही प्रभागांच्या नगरसेवकांच्या मिळून समित्या, बंधनकारक केल्या. पुढे केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा पैसा हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. मतदान केंद्रांच्या हिशेबाने छोटे भाग पाडायचे, तिथला प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. आपल्या भागातल्या कामांचा अग्रक्रम त्या सभेने सुचवायचा.

कागदावर इतकं नेटकं असूनही तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेला आहात का? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. मला विचाराल तर शहरी लोकशाहीतली सगळ्यात मोठी थकबाकी हीच. एकदा करून बघा: नगरसेवकाला ‘आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी घेताय?’ असं लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तरी प्रश्न आवक नोंदवहीत राहतो, आणि दहा सोसायट्यांनी विचारला तर तो चहाच्या टपरीवर पोचतो.

प्रभाग समितीत नगरसेवक नसलेली माणसंही असतात म्हणे?

असू शकतात. अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे त्या भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. त्यांचं नाव त्याच भागाच्या मतदार यादीत हवं. नेमणूक नगरसेवक करतात, त्यामुळे संस्थेचं काम आणि ‘माननीयांशी’ नातं यांपैकी कशाला वजन मिळतं ते समजून घ्या. तरी नावं कधी मागवली जाणार हे क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहावं. विचारलं नाही तर कळतंच नाही.

आमच्या गल्लीचं काम अंदाजपत्रकात घालायचं असेल तर हालचाल कधी करायची?

दिवाळीच्या आधी. खरं तर गणपतीच्या आधी.

कायद्याप्रमाणे आयुक्तांनी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक १५ जानेवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवायचं असतं. करांचे दर मुख्य सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणजे खात्यांकडून मागण्यांचे आकडे त्याआधी कितीतरी दिवस गोळा झालेले असतात. फेब्रुवारीत ‘आमच्याकडे लक्ष द्या’ म्हणून गेलात तर अभियंता मान डोलावतो, चहाही पाजतो, आणि तुमचा कागद पुढच्या वर्षाच्या ढिगात जातो.

पुण्यात २००६ पासून यासाठी वेगळी वाट आहे. ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये लोकांना बोलावून पालिकेचा पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवायला सुरुवात केली, ती कल्पना इथवर पोचली. फरक एवढाच की तिथे माणसं सभेला बसून वाद घालत, मतं टाकत. आपण फॉर्म भरतो. साधारण पावसाळ्याच्या शेवटाला फॉर्म निघतात. ते क्षेत्रीय कार्यालयात किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर भरायचे. पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबे, उद्यानातली कामं अशा छोट्या कामांसाठी ही सोय. एका कामाला पाच लाखांची मर्यादा बरीच वर्षं होती. उड्डाणपूल मागू नका.

आता फॉर्ममध्ये काय लिहायचं. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘शाळेसमोर रस्ता ओलांडणं जीवघेणं झालं आहे, योग्य ती उपाययोजना करावी.’ ‘योग्य ती उपाययोजना’ हे कुठल्याच खात्याचं काम नसतं. पुढच्या वर्षी त्यांनीच लिहिलं: ‘शाळेच्या फाटकासमोर, बसथांब्याच्या अलीकडे वीस पावलांवर, झेब्रा पट्टे आणि दोन्ही बाजूंना सूचना फलक. दुभाजक तोडून चार मुलं उभी राहतील एवढी जागा. वेळ: सकाळी पावणेसात ते सव्वासात. सोबत तीन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा.’ हे वाचून अभियंत्याला टिपणी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्याचं काम सोपं केलंत की तुमचं होण्याची शक्यता वाढते. यात लाजण्यासारखं काही नाही.

काम अंदाजपत्रकात छापून आलं, तरी झालं नाही. असं कसं?

छापून येणं म्हणजे तरतूद. तरतुदीनंतर इस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. हे सगळं ३१ मार्चपूर्वी झालं नाही तर पैसा बुडीत खात्यात.

दुसरं कारण पुणेकरांना तोंडपाठ आहे: वर्गीकरण. एका कामाची तरतूद मंजुरी घेऊन दुसऱ्या कामाकडे वळवायची. कधी खरंच गरज असते, पावसाने भिंत पडली वगैरे. कधी तुमच्या झेब्रा पट्ट्यांचे पैसे कुणाच्या तरी नावाच्या स्वागतकमानीत जातात. वर्गीकरणाचे प्रस्ताव विषयपत्रिकेवर येतात. आपल्या कामाचा सांकेतिक क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये, डिसेंबरमध्ये असं तीनदा विचारा. डिसेंबरपर्यंत निविदा नसेल तर लेखी पत्र द्या. मार्चमधली आरडाओरड सोडून द्या, तेव्हा सगळं कार्यालय बिलांमध्ये बुडालेलं असतं.

शेजारच्या मैदानाचं आरक्षण बदलतायत असं ऐकलंय. काय करता येईल?

ऐकलंय एवढ्यावर थांबू नका, नोटीस शोधा. शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. प्रारूप आराखडा जाहीर झाला की लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. मंजूर आराखड्यात छोटा बदल करायचा झाला तर कलम ३७ खाली नोटीस काढून एक महिना द्यावा लागतो. ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. वर्तमानपत्रात म्हणजे कुठे? आतल्या पानावर, नावात बदल केल्याच्या जाहिराती असतात त्यांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरासकट. म्हणून आपल्या भागातल्या मोकळ्या जागांचे सर्व्हे नंबर आधीच माहीत करून ठेवावेत. ‘मारुतीच्या देवळामागचं मैदान’ असं नोटिशीत कधीच लिहिलेलं नसतं.

हरकतींनी खरंच फरक पडतो का? मुंबईचं उदाहरण घ्या. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला. लोक नकाशे घेऊन आपापल्या गल्लीत फिरले आणि चुका सापडत गेल्या: असलेल्या वास्तू गायब, भलत्याच जागी रस्ते. हजारोंनी हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो आराखडा नव्याने करायला लावला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला.

पुण्याचं उदाहरण जरा कडू आहे. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. त्यांच्या सुनावणीसाठी कायद्याप्रमाणे नियोजन समिती बसली, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ. माणसं रांगेत उभी राहून बाजू मांडून आली. मग २०१५ मध्ये सरकारने आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. ८७ हजार ही संख्या मोठीच, पण शेवटचा शब्द मंत्रालयाचा. हे कळून ठेवलेलं बरं, म्हणजे महापालिकेत जिंकलं की संपलं असं वाटत नाही.

आम्ही एकच मजकूर छापून पाचशे जणांच्या सह्या घेतल्या. चालेल ना?

चालेल, पण सुनावणीत पाचशेंना मिळून एक उत्तर मिळतं. त्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत, आपापला मुद्दा लिहावा. कुणी म्हणेल माझं दुकान जातं, कुणी म्हणेल तिथे पावसाचं पाणी साचतं, कुणी नकाशातली मोजमापाची चूक दाखवेल. प्रत्येकावर वेगळा शेरा लिहावा लागतो.

झाडावर कागद चिकटवलेला दिसला. तो कशाचा?

लगेच फोटो काढा, तारखेसकट. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली झाड तोडण्याचा प्रस्ताव असला की वृक्ष प्राधिकरणाला जाहीर नोटीस काढावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीला मुदत सात दिवस. सात म्हणजे सातच. त्यात एक रविवार जातो. एका पावसात कागद गळून पडतो. कुणी शनिवारी संध्याकाळी नोटीस लावली तर तो योगायोग आहे असं मानायचं की नाही हे तुम्हीच ठरवा.

हरकतीत ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहू नका. झाडाची जात, खोडाचा घेर (सुतळीने मोजा, मग सुतळी पट्टीवर लावा), नोटिशीत दाखवलेली संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या, आणि झाड न तोडता काम कसं होऊ शकतं याच्या दोन ओळी. संख्येतली तफावत हा सगळ्यात चांगला मुद्दा, कारण तो मताचा नसतो.

मुख्य सभेत जाऊन बसता येतं का?

येतं. महिन्यातून एक तरी साधारण सभा व्हावीच लागते आणि सभासदांनी बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर ती जनतेला खुली असते. प्रेक्षक गॅलरीसाठी नगरसचिव कार्यालयातून पास घ्यावा लागतो. बोलता येत नाही. पहिल्यांदा जाल तर कंटाळाल: श्रद्धांजली, तहकुबी, पुन्हा तारीख. पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक कुठल्या विषयाला उठतो आणि कुठल्या विषयाला बाहेर चहाला जातो हे डोळ्यांनी बघण्यासारखं असतं.

खरं काम मात्र १६ जणांच्या स्थायी समितीत होतं, पैशाचे विषय तिथे जातात. तिथे सहसा तुम्हाला बसायला मिळत नाही. विषयपत्रिका आणि ठराव मागवून वाचावे.

फाइल बघायची तर माहिती अधिकारच टाकावा लागतो का?

नाही. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जा.

पुणे महापालिकेत ही पद्धत आधी सुरू झाली. २०१८ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितलं. अर्ज-फी काही नाही. मी पहिल्यांदा एका क्षेत्रीय कार्यालयात गेलो तेव्हा लिपिकाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘आपण कुणाकडून?’ कुणाकडून नाही, शेजारच्या गल्लीतून, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. शासन निर्णयाची प्रत खिशात होती, ती टेबलावर ठेवली. वीस मिनिटांनी लाल दोरी बांधलेली फाइल आली. आमच्या गल्लीतल्या पदपथाची. इस्टिमेटमधली दुसरीच बाब होती: ‘अस्तित्वातील जुने पेव्हर ब्लॉक काढून वाहून नेणे.’ आमच्या गल्लीत तोवर पदपथच नव्हता.

आरडाओरड केली नाही. त्या बाबीचा क्रमांक आणि गल्लीचा फोटो जोडून पत्र दिलं. पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा ती ओळ लाल शाईने खोडलेली होती. शेजारी सही होती, पण खुलासा नव्हता. मला तेवढं पुरलं.

सोमवारी दाद लागली नाही तर मग माहिती अधिकार, २००५ आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘का’ ही माहिती नसते. टिपणी, इस्टिमेट, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं, अशी कागदांची नावं घेऊन मागा.

लोकशाही दिनाला जाऊन उपयोग होतो?

तुमच्या वैयक्तिक तक्रारीला होतो. अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडायचा हा दिवस महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. खालच्या कार्यालयात आधी तक्रार केल्याचा कागद सोबत ठेवा. न्यायालयात असलेले विषय घेत नाहीत. धोरणाचे विषय तिथे नेऊन वेळ घालवू नका.

आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. जाब कुणाला विचारायचा?

चौघांनाही, एकाच पत्रात, चारही नावं घालून. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण ‘तो पट्टा त्यांच्याकडे आहे’. कायद्यात पट्टे नाहीत. ही त्यांची आपापसातली वाटणी. मुंबईत अजून एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, त्यामुळे तिथे हा खेळ नाही. बहुसदस्यीय प्रभाग पक्षांच्या सोयीचा असतो, मतदाराच्या नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात नगरसेवकच नसले तर काय होतं तेही आपण बघितलं. २०२२ मध्ये मुदती संपल्या, निवडणुका रखडल्या, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत बहुतेक महापालिकांत प्रशासक होते. आयुक्तच प्रस्ताव मांडणार, तेच स्थायी समिती आणि तेच मुख्य सभा. तेव्हा लोक म्हणायचे, कामं तरी पटापट होतायत. होत होती. पण काय चाललंय हे विचारायला सभागृहात कुणी नव्हतं, आणि विषयपत्रिकेवर वाद होत नसल्याने बातमीसुद्धा येत नव्हती.

मी भाड्याने राहते, मतदार यादीत नाव गावाकडे आहे. मला हे सगळं करता येईल का?

बहुतेक सगळं. हरकत कुणीही घेऊ शकतं, फाइल पाहता येते, माहिती मागता येते, अंदाजपत्रकात काम सुचवता येतं. क्षेत्रसभेत मात्र मतदारच सदस्य असतात आणि प्रभाग समितीवरच्या नेमणुकीलाही इथलं नाव लागतं. राहणं इथे असेल तर नाव इथे हलवून घ्यावं. गावच्या जत्रेला जायला मतदार असावं लागत नाही.

नगरसेवकाविरुद्ध पत्र दिलं तर पाणी तोडतील, असं घरचे म्हणतात.

ही भीती हसण्यावारी नेऊ नये. वस्तीत राहणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसाला ती सोसायटीवाल्यापेक्षा जास्त असते, आणि तिच्यात तथ्य असतं. म्हणून एकट्याने सही करू नका. मंडळाच्या, सोसायटीच्या, बचत गटाच्या नावाने द्या. पत्रात माणूस नको, काम हवं: कुणी खाल्ले ते लिहायचं नाही, कामाचा क्रमांक आणि तारीख लिहायची. आणि काम झालं की आभाराचंही पत्र द्या, ज्या अभियंत्याने केलं त्याचं नाव घालून, प्रत आयुक्तांना. ते फार थोडे लोक देतात. पुढच्या वेळी तुम्ही दारात दिसलात की तो स्वतःहून खुर्ची पुढे करतो.

पोच मागितली तर ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणतात.

पोच साहेब देत नाहीत, आवक-जावक कक्ष देतो. तो तळमजल्यावर असतो, बहुधा जिन्याखाली. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक हाताने लिहिलेला असेल तर तो वाचता येतोय ना ते तिथेच बघा.